पाय घसरला म्हणजे वाट सुटली का?

दारू सोडलेला माणूस पुन्हा प्याला, तर तो उपचाराचा पराभव मानावा की उपचाराच्या वाटेवरचाच एक टप्पा? या प्रश्नाचे उत्तर कोण देतो आणि केव्हा देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

‘पुन्हा प्याले.’ ज्या घरातल्या माणसाने दारू सोडलेली असते, त्या घरात या दोन शब्दांची धास्ती रात्रंदिवस वावरत असते. सात-आठ महिने घर शांत असते. मुलांच्या वह्यापुस्तकांना पैसे पुरतात, किराणा दुकानातली उधारी फिटत येते, संध्याकाळी दाराशी पाऊल वाजले तरी कोणाच्या पोटात गोळा येत नाही. आणि एके दिवशी तो ओळखीचा वास पुन्हा उंबरठा ओलांडतो. रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागांमधले घर असो, सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा असो की पुण्या-मुंबईतली सदनिका असो, त्या क्षणी घरातल्यांच्या मनात उठणारा प्रश्न एकच असतो: इतके सारे केले, ते वाया गेले का?

याला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले गावात मिळते: ‘बाटलीची चटक लागलेला माणूस कधी सुधारत नाही. तुम्ही उगाच पैसे घालवले.’ दुसरे हल्ली समुपदेशनाच्या खोलीत आणि सुधारलेल्या मंडळींच्या बोलण्यात ऐकू येते: ‘पुन्हा पिणे हा बरे होण्याचाच एक भाग आहे. काळजी करू नका.’ पहिले उत्तर निर्दय आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या चूकही आहे. दुसरे उत्तर दयाळू आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे आणि अर्धे सत्य योग्य वेळ न पाहता उच्चारले तर त्यानेही घर बुडू शकते. म्हणून हा प्रश्न नीट उलगडून पाहणे आवश्यक आहे.

स्लिप वेगळी, रिलॅप्स वेगळा

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात दोन शब्द रूढ आहेत. दारू सोडलेल्या माणसाने एखाद्या प्रसंगी एक-दोन पेले घेणे, म्हणजे पाय घसरणे, याला ‘स्लिप’ म्हणतात. त्यानंतर तो पुन्हा पूर्वीच्याच पद्धतीने, पूर्वीच्याच प्रमाणात पिऊ लागला, तर तो ‘रिलॅप्स’. घसरलेला माणूस त्याच पायरीवर सावरू शकतो किंवा गडगडत तळापर्यंत जाऊ शकतो. या दोहोंच्या मधे काही तास, फार तर काही दिवस असतात. त्या अवधीत घर, मित्र आणि डॉक्टर काय करतात, याला फार मोल आहे.

व्यसन हा इच्छाशक्तीचा दुबळेपणा नसून मेंदूच्या कार्यपद्धतीत बदल घडवणारा दीर्घकालीन आजार आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. दीर्घकालीन आजारात ‘कायमचा बरा झाला’ असे म्हणण्याची घाई डॉक्टर करत नाहीत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत तीन महिने व्यसनाची लक्षणे दिसली नाहीत, तर आजार ‘ओसरू लागला’ असे मानले जाते. बारा महिने उलटल्यावर तो ‘टिकून ओसरला’ असे म्हणतात. ओढ मात्र या सगळ्या काळात अधूनमधून जाणवू शकते, हेही त्या पुस्तिकेने गृहीत धरले आहे.

२०००मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात थॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची तुलना मांडली. व्यसनाच्या उपचारानंतर वर्षभरात शेकडा ४० ते ६० जण पुन्हा व्यसनाकडे वळतात. याच काळात रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रुग्णांपैकी शेकडा ५० ते ७० जणांचा आजार पुन्हा उसळतो. मग रक्तदाब वाढला म्हणून रुग्णाला कोणी ‘तू वाया गेलास’ असे म्हणत नाही. गोळी बदलतात, मीठ कमी करायला सांगतात, पुढची तारीख देतात. व्यसनाच्या रुग्णालाच तेवढे दाराबाहेर का काढावे, असा या तुलनेचा आशय होता.

ही तुलना उपयुक्त असली तरी तिला मर्यादा आहे. रक्तदाब वाढला म्हणून कोणी बायकोवर हात उगारत नाही, गहाणखत करत नाही, मुलीच्या फीचे पैसे उडवत नाही. व्यसनाचा आजार एकाला होतो आणि त्याची झळ अवघ्या घराला बसते. म्हणून ‘रक्तदाबासारखेच आहे’ हे वाक्य रुग्णाला धीर देण्यासाठी ठीक. घरच्यांचे तोंड बंद करण्यासाठी ते वापरू नये.

त्या आकड्यांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. शेकडा ४० ते ६० घसरतात, याचा अर्थ तितकेच जण वर्षभर घसरत नाहीत. व्यसनाच्या प्रश्नातून बाहेर पडलेल्या अमेरिकी प्रौढांच्या एका राष्ट्रीय पाहणीत, त्यासाठी किती वेळा मनापासून प्रयत्न करावा लागला, असे विचारण्यात आले. निम्म्या लोकांना दोन किंवा त्याहून कमी प्रयत्न पुरले होते. सरासरी मात्र पाचाच्या वर गेली होती, कारण काही जणांना फार मोठ्या संख्येने प्रयत्न करावे लागले होते. तेव्हा घसरण ही वारंवार घडणारी गोष्ट आहे. पण ती प्रत्येकाच्या वाटेवर ठरलेली नाही आणि बरे होण्यासाठी ती घडलीच पाहिजे, असे तर मुळीच नाही.

शेवटच्या पेल्याआधीची घसरण

मद्यपाश सोडवण्यासाठी जगभर काम करणारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १० जून १९३५ हा आपला स्थापनादिन मानते. तो दिवस कोणत्याही सभेचा नाही. अमेरिकेतील अॅक्रन या गावचे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला, तो हा दिवस. त्याआधी मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन त्यांना भेटले होते. विल्सन स्वतः नुकतेच दारूतून बाहेर पडले होते. दोघांची मैत्री जमली, डॉक्टरांनी दारू सोडली आणि काही आठवड्यांतच एका वैद्यकीय अधिवेशनासाठी परगावी गेले असताना ते पुन्हा प्याले. घरी परतले ते अत्यंत वाईट अवस्थेत. विल्सन आणि डॉक्टरांच्या पत्नी अॅन यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यानंतर १९५०मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉ. बॉब यांनी दारूला स्पर्श केला नाही.

ज्या संघटनेने पुढे लक्षावधी लोकांना आधार दिला, तिच्या जन्माच्या आदल्या पानावर अशी घसरण लिहिलेली आहे. मात्र डॉ. बॉब घसरले म्हणून बरे झाले नाहीत. घसरल्यानंतर त्यांच्याभोवती दोन माणसे उभी राहिली आणि त्यांनी स्वतः पुढचे काम त्याच दिवशी हाती घेतले, म्हणून ते बरे झाले. घसरण ही घटना झाली. तिला पुढे जे उत्तर मिळाले, तो उपचार होता.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थेचे रूप दिले ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. त्या काळी शहरात गर्दचा विळखा वाढत होता आणि सुरुवात त्याच रुग्णांपासून झाली; पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. या केंद्रात येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. इथे बरे झालेले कित्येक जण पुढे इथलेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेल्याला समोरचा माणूस उपदेश करणारा न वाटता, याच दारातून कधीकाळी आत आलेला वाटतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आणि व्यसनी स्त्रियांसाठी २००९पासून ‘निशिगंध’ हा विभाग, हेही इथलेच उपक्रम. व्यसन हा केवळ पुरुषांचा प्रश्न नाही आणि केवळ रुग्णाचाही नाही, ही जाण त्यामागे आहे.

पाच आठवडे केंद्रात राहून माणूस घरी परततो, तेव्हा घरच्यांना वाटते, काम झाले. वास्तविक तिथे फक्त पहिला भाग झालेला असतो. केळी पिकवणाऱ्या रावेर परिसरातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बुंधा कापला म्हणून केळ संपत नाही. जमिनीतल्या कंदातून पिले फुटत राहतात आणि नको असलेली पिले शेतकरी वरचेवर कापत राहतो. शरीरातली दारू उतरवणे म्हणजे बुंधा कापणे. कंद जमिनीतच असतो. पाठपुरावा, औषधे, सभा आणि समुपदेशन ही पिले कापण्याची कामे आहेत आणि ती हंगामभर करावी लागतात. एक खेप चुकली म्हणजे बाग गेली असे होत नाही. पण खेपा चुकवतच राहिले, तर मात्र जाते.

घसरण दुकानाच्या दारात सुरू होत नाही

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी घसरणीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की पहिला पेला हा शेवटचा दुवा असतो. साखळी फार आधी सुरू झालेली असते. मनातील अस्वस्थता, माणसांशी झालेले खटके आणि पिणाऱ्यांचा आग्रह ही त्यांनी नोंदवलेली तीन प्रमुख कारणे. रावेरच्या पंचक्रोशीत ही कारणे कशी दिसतात, हे पाहण्यासाठी एक नमुना डोळ्यांसमोर आणू. हा कोणी एक माणूस नव्हे, अनेकांच्या अनुभवातून सहज उभे राहणारे चित्र आहे.

चार एकर केळी असलेला, चाळिशीचा शेतकरी. दिवाळीनंतर उपचार घेऊन आला आणि हिवाळा चांगला गेला. फेब्रुवारीत त्याला वाटू लागले, ‘आता मला गोळीची गरज नाही.’ त्याने ती बंद केली आणि घरात कोणी विचारले नाही. मार्चमध्ये कामे वाढली म्हणून पाठपुराव्याची तारीख हुकली. एप्रिलमध्ये लग्नसराई. हळदीच्या रात्री जुने मित्र भेटले. तो प्याला नाही, पण त्यांच्यात उशिरापर्यंत बसून राहिला. घरी आल्यावर बायकोने त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो चिडला: ‘न पिताही संशय घेणार असाल, तर प्यायलेलेच बरे.’ मग आखाजी आली, पत्त्यांचे डाव आले. मेअखेरीस वादळी वाऱ्याने अर्धी बाग आडवी झाली. कर्जाचा हप्ता तोंडावर. बांधावर बसलेल्या माणसाला कोणी तरी म्हणाले, ‘आज एक घे, बरे वाटेल.’

गावाला ही घसरण मेअखेरीस दिसली. तिची सुरुवात फेब्रुवारीत झाली होती. ज्या दिवशी गोळी थांबली त्या दिवशी कोणी प्रेमाने विचारले असते, तारीख हुकली तेव्हा फोन गेला असता, हळदीच्या रात्री घरी लवकर परतण्याची सबब आधीच ठरलेली असती, तर वादळ आले असते, पण माणूस कदाचित उभा राहिला असता.

गावातले वेळापत्रकही ओळखून ठेवण्याजोगे आहे. मजुरी हातात पडण्याचा दिवस, आठवडी बाजार, केळीचा माल गेल्यानंतर मिळालेली रोकड, पोळा, धुळवड, लग्नाची वरात, निवडणुकीचा हंगाम. यांपैकी प्रत्येक दिवस आधी माहीत असतो. ज्या संकटाची तारीख आपल्याला ठाऊक आहे, त्याची तयारी करता येते. त्या दिवशी रोकड कोणाच्या हाती राहील, कोण सोबत जाईल, किती वाजता परत यायचे, कोणी आग्रह केला तर कोणत्या शब्दांत नाही म्हणायचे, हे घरात बसून आदल्या दिवशी ठरवता येते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ सर्वांत प्रबळ होते, असा सुधारलेल्या मंडळींचा अनुभव आहे. त्यामुळे वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप हासुद्धा उपचाराचाच भाग ठरतो.

मोडलेली शपथ आणि दुसरा पेला

आपल्याकडे दारू सोडण्याचा मार्ग बहुधा शपथेतून जातो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, कुलदैवतासमोर नारळ ठेवून, किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून. रावेरच्या शेजारीच संत मुक्ताबाईंचे मुक्ताईनगर आहे. तिथल्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालणाऱ्या या मुलखात माळेचे मोल सांगायला नको. माळेने पुष्कळांना सावरले आहे. तिच्यामुळे माणसाला नवी संगत मिळते, संध्याकाळला भजनाचे निमित्त मिळते, ‘मी माळकरी आहे’ एवढ्या तीन शब्दांत आग्रह थोपवता येतो. कोणत्याही उपचारपद्धतीला हेवा वाटावा, अशी ही सामग्री आहे.

परंतु शपथेची एक दुसरी बाजू आहे. ती पूर्ण असते किंवा मोडलेली असते. मधली अवस्था तिला ठाऊक नाही. एक पेला घेतलेला माणूस म्हणतो, ‘शपथ मोडलीच आहे, आता काय राहिले?’ आणि तो माळ काढून खुंटीला टांगतो. पहिला पेला ओढीने घेतलेला असतो. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे पेले बहुधा शरमेने घेतलेले असतात. मार्लट यांनी या मनोव्यापाराचे सविस्तर वर्णन केले आहे: सोडण्याचा नियम मोडताच माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि त्या वेदनेवर त्याला माहीत असलेले एकच औषध घेतो.

नेमके याच क्षणी ‘घसरण ही वाटेवर घडणारी गोष्ट आहे’ हे वाक्य औषधासारखे काम करते. घसरलेल्या माणसाला ते सांगते की आठ महिने खरेच होते, ते पुसले गेलेले नाहीत. आज थांबलास तर एक पेलाच हिशेबात जाईल. माळ खुंटीला न टांगता दुसऱ्या दिवशी भजनाला जाऊन बसता येते, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. ते सांगणारा गावातला कीर्तनकार असेल तर फारच उत्तम.

पण हेच वाक्य पेला ओठांशी नेण्याआधी पिणाऱ्याने स्वतःला ऐकवले तर? तेव्हा ते परवाना बनते. ‘सगळेच एकदा घसरतात, डॉक्टरही म्हणतात, मग मीही एकदा…’ समुपदेशकांना या भाषेची धास्ती असते आणि ती रास्त आहे. वाक्य एकच, घसरल्यानंतर ते दोर होते, घसरण्यापूर्वी ते उतार होते. म्हणून घरच्यांनी ते आधीपासून घोकत बसू नये आणि रुग्णाने ते स्वतःसाठी राखून ठेवू नये. रुग्णासाठी ‘फक्त आजचा दिवस’ हे जुने सूत्रच योग्य.

पहिले दोन दिवस: घरच्यांनी काय करावे?

नशेत असलेल्या माणसाशी त्याच रात्री वाद घालू नये. ती चर्चा त्याला सकाळी आठवत नाही आणि घराला मात्र वर्षानुवर्षे आठवते. मुलांना बाजूला न्यावे, गाडीची किल्ली काढून घ्यावी, त्याला कुशीवर झोपवावे म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. कितीही हलवले तरी तो जागा होत नसेल, श्वास संथ किंवा तुटक वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सकाळी बोलावे, थोडे आणि सरळ: ‘काल तुम्ही प्यालात. मला भीती वाटली आणि रागही आला. आठ महिने तुम्ही सांभाळलेत, हेही मी विसरलेले नाही. आज आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ.’ यात खोटे काही नाही, शिवी नाही आणि पुढची पायरी सांगितलेली आहे. जुन्या चुकांची उजळणी त्या दिवशी नको.

एक धोका मात्र नीट ओळखावा. माणूस कित्येक दिवस सलग आणि भरपूर पीत असेल, तर घरात कोंडून त्याची दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होणे, नसलेली माणसे किंवा किडे दिसणे, ताप, बरळणे अशी लक्षणे दिसली तर ती तातडीने रुग्णालयात नेण्याची खूण आहे. गावात याला कित्येकदा बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास हातचे जातात. ही लक्षणे योग्य औषधांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी आवरता येतात. यापूर्वी दारू सोडताना कधी फिट आलेली असेल, तर पुढच्या वेळी धोका अधिक असतो. ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी.

दुसरा धोका घरच्यांच्या प्रेमातून येतो. जेवणात किंवा चहात चोरून ‘दारू सोडवण्याची पावडर’ मिसळण्याची प्रथा सर्वत्र आढळते. अशा भुकट्यांत काय असते याची खात्री नसते. डायसल्फिराम हे डॉक्टरांनी दिलेले खरे औषध असले, तरी ते रुग्णाला न सांगता कधीही देऊ नये. ते शरीरात असताना दारू प्यायल्यास अंग लाल होते, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो आणि क्वचित जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच घ्यायचे असते आणि घरच्या माणसाच्या देखरेखीखाली घेतल्यास त्याचा उपयोग अधिक होतो. ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन आणि दारूविना राहण्यास मदत करणारे अकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध आहेत. यकृताची आणि मूत्रपिंडांची तपासणी करून कोणते औषध योग्य, हे डॉक्टर ठरवतात. घसरण झाली म्हणजे पुष्कळदा औषध बदलण्याची वा पुन्हा सुरू करण्याची वेळ आलेली असते.

मारहाण करणाऱ्या, साखळदंडाने बांधणाऱ्या किंवा माणसाला फसवून गाडीत घालून नेणाऱ्या तथाकथित केंद्रांपासून दूर राहावे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचाही समावेश आहे. रुग्णाच्या प्रतिष्ठेचा आणि संमतीचा अधिकार त्यालाही आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत: आजार समजून घेणे म्हणजे मार खाणे नव्हे. घसरण क्षम्य असू शकते, हिंसा नाही. अशा वेळी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जाणे हे रुग्णाला सोडून देणे ठरत नाही. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा पत्नीला, आईला आणि एकत्र राहणाऱ्या इतर स्त्रियांनाही संरक्षण देतो. त्याच्या दारूची उधारी आपण फेडू नये, कामावर त्याच्या वतीने खोटी कारणे सांगू नयेत. त्याच्या कृतीचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्यावेत. माया आटू न देता हे करता येते.

मदत किती जणांपर्यंत पोहोचते?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि अशा दर ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळालेला आहे. ‘उपचाराचा उपयोग होत नाही’ असे म्हणण्यापूर्वी हा आकडा आठवावा. बहुतेकांना उपचार मिळतच नाही आणि ज्यांना मिळतो, त्यांतल्या अनेकांचा पाठपुरावा दाखल असण्याचा काळ संपताच सुटतो.

रावेरसारख्या ठिकाणाहून पुण्याला वारंवार जाणे शेतकऱ्याला वा मजुराला परवडणारे नाही. म्हणून पाठपुराव्याची साखळी जवळच बांधावी लागते. गावातले किंवा तालुक्याचे डॉक्टर, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभाग, जवळपास सभा भरत असेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा गट आणि दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा परिचित, इतक्या कड्या पुरतात. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. हे दोन क्रमांक रुग्णाच्या नव्हे, घरातल्या इतरांच्या मोबाइलमध्येही नोंदवलेले असावेत.

चौकट: घसरण जवळ आल्याच्या खुणा

• गोळ्या परस्पर बंद करणे, पाठपुराव्याची तारीख टाळणे
• ‘आता मी एक-दोन घेऊन थांबू शकतो’ अशी भाषा
• जुन्या पिणाऱ्या मित्रांत विनाकारण ऊठबस वाढणे
• झोप बिघडणे, जेवण चुकवणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे
• पैशांचा हिशेब लपवणे, फोन बंद ठेवणे
• दारूच्या दिवसांच्या आठवणी रंगवून सांगणे

यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर वास घेण्याऐवजी विचारपूस करावी आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरवावी.

वर्षे मोजताना

घसरणीचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि काळ जाईल तसा तो कमी होत जातो. मद्यपींच्या आयुष्यांचा कित्येक दशके मागोवा घेणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांना असे आढळले की पाच वर्षे दारूविना राहिलेला माणूस पुन्हा पिण्याकडे क्वचितच वळतो. पाच वर्षे म्हणजे मुलगी पाचवीतून दहावीत जाण्याचा काळ. तो एका उडीत ओलांडता येत नाही, एकेका दिवसानेच ओलांडावा लागतो.

म्हणून ‘पुन्हा पिणे हा बरे होण्याचा भाग आहे का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे देता येईल: पिणे हा बरे होण्याचा भाग नाही, पिण्यानंतर त्याच दिवशी परत फिरणे हा नक्कीच आहे. पहिले टाळण्यासाठी सारी शक्ती लावावी. तरीही ते घडले, तर दुसरे सोपे व्हावे म्हणून घराचे, गावाचे आणि दवाखान्याचे दार उघडे असावे. घसरलेला माणूस ते दार शोधत असतो. ते बंद दिसले, तर त्याला उघडे असलेले दुसरे एक दार चांगलेच ठाऊक असते.